सुमनताईने झाकलेले डोळे

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. घाबरतो, ती गोष्ट वेगळी... लाईट गेली की बायकोला आधी हाक मारणारा मीच. पण हे भर दिवसा घडलं, पेणला, आमच्या चुलतभावाच्या गणपतीच्या कारखान्यात — म्हणून सांगतोय.

माझी मोठी बहीण सुमनताई तिथे आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवते. तिला वर्षानुवर्षं मानसिक आजार आहे. ऐन दुखण्यात तिला वाटायचं, सगळे आपल्याकडेच रोखून बघतायत, कॅलेंडरावरचे देवसुद्धा. गोळ्यांनी ते बरंच निवळलं. पण तेव्हापासून ती गणपतीची नजर किंचित खाली उतरवते. म्हणते, समोर उभ्या राहणाऱ्याला धाक वाटता कामा नये.

त्या वर्षी खांब गावच्या एका गणेश मंडळाचे अध्यक्ष आले. ताईच्या आजाराचं त्यांच्या कानावर गेलं होतं. वेडीच्या हातचे डोळे नकोत, नजर समोर रोखलेली हवी, असं तिच्यादेखतच बोलले. ऐन सीझन, चुलतभाऊ दिनेश गप्प राहिला आणि काम रमेश कारागिराला दिलं. ताईने ब्रश धुऊन ठेवले. आखणी सुटली तर हिच्याकडे उरणार काय, या काळजीने मला जेवण गेलं नाही. (बरं, थोडं गेलं.)

दुसऱ्या दिवशी सकाळी रमेशने डोळे काढले — सरळ, करारी. मी स्वतः पाहिले. मग ताईला घेऊन रोह्याला गेलो, तिच्या डॉक्टरांकडे. दुपारी परतलो तर सगळे मूर्तीपुढे उभे. कुलूप लावून जेवायला गेले होते, तेवढ्यात नजर खाली उतरलेली. रंग सुकलेला, पुसल्याची खूण नाही. रमेश शपथेवर सांगत होता, त्याने परत हात लावला नाही. मी मटकन शाडूच्या पोत्यावर बसलो आणि पँट मागून पांढरी करून घेतली.

संध्याकाळी अध्यक्ष आले. झालं ते ऐकलं, मूर्ती पाहिली आणि थेट ताईच्या पायांशी वाकले. हिच्या अंगात देवी आहे म्हणाले. दिनेश लगेच बाहेर तसा बोर्ड लावायचं बोलू लागला. मीही — खोटं कशाला सांगू — हात जोडलेच होते.

ताईने पाय मागे घेतले.

"काल वेडी, आज देवी. मधलं काय नाय का मी?"

ती अध्यक्षांकडे वळली.

"मी रोज गोळी घेते. देवी घेते का गोळी? आजार माझा हाय, हात पण माझाच. हे डोळे मी काढलेले नाय. मूर्ती न्यायची तर मी काढते, आणि सुमनने काढले असं गावात सांगायचं."

अध्यक्षांनी होकारार्थी मान हलवली. ताईने पांढरा रंग घेतला आणि आमचा चमत्काराचा एकुलता एक पुरावा सगळ्यांदेखत झाकून टाकला. मग स्टुलावर बसून नवे डोळे काढले. नजर खालीच.

ते कसं घडलं, मला आजही सांगता येत नाही. दिनेशचा उंदरांवर संशय आहे. घरी परतताना ताईलाच विचारलं, तुला काय वाटतं?

"कुणी का काढले असेनात," ती म्हणाली, "डावी पापणी जाड झाली होती."