एका बाजूचे दोन व्हॉल्व्ह

धाकट्या दिरांचा नि माझा अबोला आहे, हे वडगावात आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. कारण मात्र जो तो आपल्या मनाचं सांगतो. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं.

आमचे हे रेडिओ दुरुस्त करायचे. माझी शाळा चौथीपर्यंत, पण त्यांच्या शेजारी बसून बसून मी सोल्डरिंग शिकले, मीटर लावायला शिकले. दीर दिवसा यंत्रमागावर कामाला नि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतात, त्यांच्यासाठी ह्यांनी ओळीनं बसवलेल्या चार काचेच्या पॉवर व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर बांधला. त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर आम्ही दोघांनी घरीच गुंडाळला. ते तार ओढायचे, मी वेढे मोजायचे. मोजणं चुकलं की पुन्हा पहिल्यापासनं. ते गेले, नि त्यांच्या हातची चालती वस्तू तेवढी एकच मागं राहिली.

तर झालं काय, एका हॉलवाल्यानं ऑर्केस्ट्राला आवाज कमी करायला सांगितला. नुसतं बटण कमी केलं की गिटारची धार जाते. दीर म्हणाले, दोन व्हॉल्व्ह काढूनच वाजवू. दुपारी आमच्याच सोप्यात तालीम मांडली.

मी म्हटलं, "चालतंय की. पण भावजी, कडेचे दोन काढा, न्हायतर मधले दोन. डावीकडचे दोन एका बाजूचे, उजवीकडचे दुसऱ्या. दोन्हीकडचा एकेकच गेला पाहिजे, न्हायतर सगळा भार एकाच बाजूवर येतो. नि मागचा स्पीकरचा खटका आठ ओहमवरनं चारवर घ्या. आवाज काय लई उतरायचा न्हाय, आधीच सांगते."

सगळ्या वाजवणाऱ्यांदेखत म्हणतात कसे, "वैनी, तुम्ही चहा ठेवा. माझा जन्म गेला माग चालवण्यात. व्होल्टेज पडलं की आम्ही भिंतीकडची अख्खी रांग बंद करतो. हिकडचा एक, तिकडचा एक करत कोण फिरतंय व्हय?"

हसले सगळे. आणि मी गेले चहा ठेवायला. त्या हसण्यापेक्षा माझं ते जाणंच मला जास्त जाळतं.

चहाला उकळी आली नाही तोवर गिटारचा आवाज घोगरा झाला, घसा बसल्यासारखा. पाठोपाठ ट्रान्सफॉर्मरचं वार्निश तापल्याचा वास. धावत गेले. डावीकडचे दोन काढलेले, नि उरलेल्या दोघांच्या आतले पत्रे लालभडक. मी भिंतीतली पिनच उपटली.

"अवो, गाणं चालू हाय न्हवं!"

"तुमच्या भावाचा हात जळतोय त्यात. उठा. माणसं घेऊन उठा माझ्या घरातनं."

सांजेपर्यंत ट्रान्सफॉर्मर थंड होईना. मग मीटर लावलं. तार तुटली नव्हती, वेढ्यांमधला कागद तेवढा काळपटला होता. कडेच्या दोन जागा मोकळ्या ठेवून, मधे दोन नवे व्हॉल्व्ह घालून, खटका चारवर घेऊन लावला. गिटार नव्हती माझ्याकडं. गिटार जोडायच्या तारेच्या टोकालाच बोट लावलं. स्पीकर गुणगुणला.

शनिवारी दीर दारात. "वैनी, आज कार्यक्रम हाय. द्या की."

"भिंतीकडची रांग घेऊन जावा," म्हटलं, नि दार लावलं.

खंडेनवमीला अ‍ॅम्प्लिफायर काढते, हळदकुंकू लावते. दीर घरी पुरणपोळी खाऊन जातात, त्याच्याकडं बघतात, मागत नाहीत. मीही वाढते, बोलत नाही. चूक झाली म्हणून त्यांनी एकदा, त्याच माणसांदेखत म्हणावं. मग बघू.