गार्डसाहेबांचा पाण्याखालचा झेंडा

झाशीत रेल्वे कॉलनीमागच्या आमच्या गल्लीत बातमी पसरली, की निवृत्त गार्ड अनंतराव खांबेटे पोहण्याच्या तलावात बुडाले आणि त्यांना दोनदा ओढून वर काढावं लागलं. ती पसरवण्यात माझाही हातभार होता, पण बुडाले हे साफ खोटं. बासष्टाव्या वर्षी गडी स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली पोहणं, शिकत होता. तलावात जमलं, तरच अंदमानला लेकीबरोबर समुद्रात उतरायला मिळणार होतं.

कान दुखले, मास्कमध्ये पाणी शिरलं, तेही त्यांनी निभावलं. पण तळाशी पोचले, की सगळं ठीक आहे हे सांगायला ते हात लांब करून हळूहळू हलवत. तीस वर्षं मालगाडीतून स्टेशनमास्तरला ‘सगळं ठीक’चा हिरवा झेंडा दाखवलेला हात तो! पाण्याखाली मात्र याच खुणेचा अर्थ ‘गडबड आहे’. शिकवणारे सर घाबरून त्यांना वर आणत.

तिसऱ्या खेपेला अनंतरावांनी पाण्याखालच्या रीतीने ‘ठीक आहे’ म्हणून बोटांचा गोल करून दाखवला आणि वीस मिनिटं खाली राहिले. पास!

ते काठावर येताच मी छेडलंच, “काय गार्डसाहेब, एक हात आवरायला तीन फेऱ्या?”

मिशीतलं पाणी निपटत ते म्हणाले, “भैया, मी तीनदा तळाला जाऊन आलो. तुम्ही अजून पायसुद्धा भिजवलेला नाही.”