एकाच कार्डाचे दोन आकडे

हिराजीच्या मुलीचा, कल्पनाचा फोन आला तेव्हा मी खिडकीशी बसून भिंग पुसत होतो. "काका, आबा गेले. झोपेतच... चहाला उठवायला गेले तर..." मग म्हणाली, "तुमच्यासाठी एक डबा ठेवलाय त्यांनी. इन्स्पेक्टरला दे म्हणाले होते." हिराजी मला इन्स्पेक्टर म्हणायचा. मी कळंबोलीच्या एका कारखान्यात तयार माल तपासण्याच्या कामावर होतो, त्यावरून. त्याला जाऊन आता दोन महिने होत आले. त्याच्याबद्दल एक गोष्ट मी बारा-तेरा वर्षं खोटी राहू दिली. ती आधी दुरुस्त करतो, म्हणजे बाकीचं मोकळेपणानं लिहिता येईल.

निवृत्तीनंतर मी पनवेलच्या आमच्या संग्राहकांच्या बैठकीत जाऊ लागलो. दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत तिकिटं, नाणी, काड्यापेट्यांची चित्रं आणि क्रिकेटपटूंची कार्डं घेऊन आम्ही जमायचो. बबलगमच्या पुडीतून मिळणारी ती कार्डं तेव्हा पुन्हा भाव खाऊ लागली होती. कार्डाचे कोपरे, कडा, छपाई पाहून त्याला दहापैकी किती हे ठरवून द्यायचं काम माझ्याकडे आलं. कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात बंद करायचं, वर आकडा आणि माझी सही असलेली चिठ्ठी लावायची. मुंबई-पुण्याचे विक्रेतेही कुरिअरनं कार्डं पाठवायचे. माझ्या आकड्यावर कुणी शंका घेत नसे, आणि खरं सांगायचं तर मीही घेत नसे.

हिराजी उरणजवळच्या करंजा बंदरावर मासळीचा लिलाव पुकारायचा. कार्डं मुळात कल्पनाची. लहानपणी तिनं जमवलेली. ती लग्न होऊन आपट्याला गेली आणि डबा मागे राहिला. तो उघडून बघता बघता हाच नादी लागला. बैठकीत मागच्या खुर्चीवर बसायचा, कमी बोलायचा. एका रविवारी मात्र उठला आणि माझ्यासमोर टेबलावर एक कार्ड आणि दोन चिठ्ठ्या ठेवल्या. स्वीप मारणाऱ्या एका डावखुऱ्या फलंदाजाचं कार्ड. एका चिठ्ठीवर नऊ, दुसरीवर सात. दोन्हींवर माझी सही.

"इन्स्पेक्टर, कार्ड एकच हाय," तो म्हणाला. "पैल्यांदा माज्या नावानं दिला, मंग पाकीट फोडून पोरीच्या नावानं धाडला. आता सांग, नऊ खरा का सात खरा?"

मी कार्ड उलटं केलं. मागच्या मजकुराशेजारी छपाईच्या वेळी पडलेला निळ्या शाईचा बारीक ठिपका होता. तो मी पहिल्या वेळी पाहिला होता, माझ्या वहीत नोंदलाही होता. म्हणजे कार्ड तेच, हे मला त्याच क्षणी कळलं. आणि मी म्हणालो, "हे ते कार्ड नाही. कार्ड बदललंय."

मग जे व्हायचं ते झालं. एक जण म्हणाला, "वर ताजी, खाली शिळी! मासळीबाजारातली सवय जाते होय?" सगळे हसले. मीही हसलो. हिराजीनं चिठ्ठ्या उचलल्या, कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं, चपला घातल्या आणि गेला. त्यानंतर तो त्या खोलीत कधी आला नाही. कार्ड बदलणारा म्हणून त्याचं नाव मात्र तिथे राहिलं.

सात-आठ महिन्यांनी सुके बोंबील आणायच्या निमित्तानं मी करंजाला गेलो. निमित्तच ते... घरातले बोंबील संपले नव्हते. त्यानं मला पाहिलं. पापलेटांची एक पाटी माझ्यासमोर ओतली. "लाव. मोठा, मधला, बारका." मी तीन ढीग लावले. चहा झाला. त्यानं सगळी मासळी पुन्हा एकत्र केली आणि परत लावायला सांगितली. दुसऱ्यांदा लावून झाल्यावर तो एकेक मासा उलटून दाखवू लागला. मी चहा पीत होतो तेवढ्यात त्यानं पहिल्या ढिगांप्रमाणे शेपट्यांवर सुरीनं खाचा केल्या होत्या... एक, दोन, तीन. बरेचसे मासे ढीग बदलून बसले होते. तो पोट धरून हसला. "माजा बी असाच व्हतो रं. सकालचा मोठा, उन्हं चढली का मधला. म्हनून आमी दोगं जन लावतो."

तिथेच, मासळीच्या वासात, मी त्याला ठिपक्याचं सांगितलं. तो जराही चकित झाला नाही. "मना ठाव हाय. डोला चुकतो, त्याचा काय नाय. तोंड खोटा बोलला, त्याचा बघ. मना सांगून काय व्हनार? त्या खोलीत सांग."

"सांगतो," मी म्हणालो.

त्यानंतरची वर्षं माझ्या आयुष्यातली फार चांगली वर्षं होती. दर बुधवारी हिराजी उरणहून एस.टी.नं यायचा, हातात पिशवी. पिशवीतली मासळी हिच्याकडे जायची आणि आम्ही खिडकीशी बसायचो. प्रत्येक कार्ड मी दोनदा पाहायचो, दोन वेगळ्या दिवशी. पहिला आकडा तो स्वतःजवळ लपवून ठेवायचा. दोन्ही जुळले तर ठीक, नाहीतर चिठ्ठीवर दोन्ही लिहायचे, हा त्याचा नियम. काही विक्रेते वैतागले. "अहो, एक काय ते सांगा!" हिराजी फोनवर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचा, "एक पायजे तर देवाला इचार!" ही स्वयंपाकघरातून हसायची. काम निम्म्यावर आलं, पण आकडा लिहिताना मला आतून जे स्वस्थ वाटू लागलं ते त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

निघताना दारात चपला घालत तो दर वेळी विचारायचा, "काय इन्स्पेक्टर, या रविवारी बोलनार?" मी म्हणायचो, "या रविवारी नक्की." तो मान डोलवायचा. त्यानं कधी आवाज चढवला नाही, कधी यायचं थांबवलं नाही. फक्त विचारायचं सोडलं नाही.

त्याचं तेरावं झाल्यावरच्या रविवारी मी त्या खोलीत उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. त्या दिवशीचे चारच जण उरले होते. एक म्हणाला, "आम्हाला तेव्हाच वाटलं होतं." दुसरा म्हणाला, "आता काय त्याचं?" बाकीचे कुठेकुठे पांगलेत, म्हणून इथे लिहितो. हिराजीनं कार्ड बदललं नव्हतं. खोटं मी बोललो होतो.

डबा कल्पनानं आणून दिला. आत ते कार्ड होतं आणि त्या दोन चिठ्ठ्या. तिला म्हटलं, "कार्ड तुझं आहे, घेऊन जा." ती म्हणाली, "राहू दे. बुधवारी बघत जा."

आज बुधवार. सकाळी खिडकीशी बसून पाहिलं, नऊ वाटलं. आकडा कागदावर लिहून उलटा ठेवला. पुढच्या बुधवारी पुन्हा पाहीन.