हिराला पोरांची भूक कळायची

त्या सकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसून वाल सोलत होतो. मोड आलेले, पाण्यात फुगलेले कडवे वाल. हिरा दोन बोटांत दाबायची की दाणा सुळकन परातीत. माझं एक साल निघेपर्यंत तिचे मूठभर सोलून व्हायचे. नात आमच्या मध्ये परातीची कड धरून उभी राहत होती, धपकन बसत होती, पुन्हा उभी राहत होती. मी मध्येच हात पुसून तिच्या तोंडापुढे मऊ भाताचा चमचा नेत होतो आणि ती तोंड फिरवत होती.

"अवो, तिला सोडा आणि वाल सोला," हिरा म्हणाली. "भूक लागली का ती तुमालाच खाईल."

दुपारी आम्ही त्याच वालांचं बिरडं आणि भात जेवलो. जेवून हिरा जरा आडवी झाली, ती उठलीच नाही.

हिरा माझी बायको. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. बुटकी होती, आवाज वाड्यापाड्यांना पुरेल एवढा. लग्नानंतर कैक वर्षं माझ्याबरोबर मिठागरात टोपल्या वाहिल्या, त्यामुळे मान कायम ताठ. आमच्या ओवे गावात कुणाच्या घरी तान्हं पोर असलं की ही आत शिरायची. पोर जेवलं का, हे मात्र कधी विचारायची नाही. आधी त्याची मांडी चिमटीत धरायची, डोळ्यांत बघायची, आणि मग आईला म्हणायची, "काय नाय झालं. तू जेव आधी."

तिचं सगळंच बरोबर असायचं असं नाही. केळ्याने पोरांना सर्दी होते हे तिने मरेपर्यंत सोडलं नाही. पनवेलच्या डॉक्टरांनी नातीला केळं द्यायला सांगितलं, पोरीने मिटक्या मारत खाल्लं, नाकाला पाण्याचा थेंब आला नाही. तर म्हणाली, "या डॉक्टरचं नशीब चांगलं हाय."

ही नात मुलाची पहिली. सून खांदा कॉलनीत वाढलेली, शिकलेली, स्वभावाने गरीब. पोरगी तिसऱ्या महिन्यात होती तेव्हा अचानक दिवसभर दूध मागायला लागली. आत्ता पाजून खाली ठेवली की परत तोंड वासून तयार. सुनेला वाटलं दूध आटलं. ती रडायला लागली, तिला बघून मी घाबरलो आणि बाजारातून पावडरचा डबा घेऊन आलो. हिराने डबा हातात घेतला, वरचं गुटगुटीत पोराचं चित्र पाहिलं आणि तो फळीवर ठेवला.

"आई, तिचं पोटच भरत नाही हो," सून म्हणाली.

"तिचं अंग ताण घेतंय, बाय. असं मदी मदी होतंच. तू नुसती पाजत बस. भाकरी-कालवण माज्याकडं दे."

सून पाजत बसली. हिरा तिला जागेवर ताट नेऊन द्यायची. आठवडाभरात पोरगी आपसूक पहिल्यासारखी झाली, आणि गुडघ्यापर्यंत येणारं झबलं मांड्यांवर आलं. सुनेने ते झबलं हिराला दाखवलं. हिरा म्हणाली, "कुठं गेलं दूध, बघितलंस ना?" डॉक्टरांनीही वजन करून हेच सांगितलं, पण त्यांच्याकडे रांगेत बसावं लागलं.

पुढे उष्टावण आलं. पहिला घास मामाने भरवायचा असतो. मामा जासईला कंटेनरच्या गोदामात कामाला. त्या दिवशी त्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून खीर मी भरवली. पोरगी मस्त खायला लागली. नवव्या महिन्यात मात्र तिने खाणं सोडलं. भात नको, नाचणीचं सत्त्व नको, केळंही नको. दूध पण दोन घोट घ्यायची आणि पळायची.

माझी थोरली बहीण अक्का शेजारीच राहते. तिने ताबडतोब निकाल दिला: मामाचा हात लागला नाही म्हणून हे. मला ते पटलं. रविवारी मामाला बोलावलं, परत खीर केली, वाटीत अंगठी घातली. मामा इस्त्रीचा शर्ट घालून पाटावर बसला. पोरीने घास तोंडात घेतला, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि फुर्र करून मामाच्या शर्टावर उडवला.

"मामाचा हात लागला, आता पाय लावायला कुणाला बोलवायचं?" हिरा म्हणाली आणि मामाला ताट वाढलं. "तू जेव रे बाबा. खीर तुज्यासाठीच केली समज."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. त्याचं कारण हिराला माहीत होतं. आमची पहिली मुलगी वर्षाची व्हायच्या आत गेली. तिनेही आधी खाणं सोडलं होतं. तेव्हा आम्ही मिठागरावरच्या खोपटात राहायचो, जवळ डॉक्टर नव्हता. मुलगी गेल्यावर आम्ही दोघं तिच्याबद्दल कधी बोललो नाही. त्या रविवारी पाहुणे गेल्यावर हिरा नातीला घेऊन माझ्यासमोर बसली.

"ती येगळी व्हती," ती म्हणाली. "ती निपचित पडलेली. डोळे आत गेलेले, मांडीची कातडी चिमटीत राहायची. हिला बघा. सकाळपासून उंबऱ्यावर चढतेय. हिला पाय फुटलेत, खायला सवड कुठं हाय? जेवण म्हंजे हिला एका जागी बसायची शिक्षा." मग माझा हात धरून पोरीच्या मांडीवर ठेवला. "दाबा." मी दाबली. मांडी घट्ट होती. पोरीने माझ्या हातावर लाथ मारली.

तेव्हापासून रोज मनात भीती आली की मी हिराच्या तोंडाकडे बघायचो. ती निवांत असली की मी निवांत.

आणि ती गेली. घर माणसांनी भरलं. संध्याकाळी तिला नेऊन आलो, आंघोळ केली, खाली बसलो. मग नातीकडे लक्ष गेलं. ती एका शेजारणीच्या मांडीवर गप्प होती, हलत नव्हती. शेजारीण म्हणाली, "सकाळपासून काय घेतलं नाय हिनं." सुनेच्या डोळ्यांचं पाणी थांबत नव्हतं, तिला काय विचारणार? गर्दीला बिचकली असेल, असं कुणीतरी म्हणालं. असेलही. पण हे न खाणं कुठलं, पहिल्या मुलीसारखं की उंबरा चढणारं, ते सांगणारी नव्हती. मी उठून पोरीची मांडी चिमटीत धरली. मला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रडत उठली. सुनेने पाजलं, ते सगळं प्यायली आणि तरी रडत राहिली. मग रांगत स्वयंपाकघरात गेली आणि मोकळं पातेलं ओढून त्यात तोंड घातलं. मी मागेच होतो. तिने मला बघितलं, माझा लेंगा धरून उभी राहिली आणि आख्खी मूठ तोंडात कोंबली.

आमच्यात माणूस गेलं की तीन दिवस घरात शिजवत नाहीत. जेवण भावकीतून येतं. ते यायला वेळ होता, आणि येणार ते मिरचीचं पिठलं. मी स्टोव्हला पंप मारला.

अक्का दारात आली. "आज पेटवायचा नसतो रं. लोकं काय म्हणतील?"

"हिला भूक लागलीय, अक्का. नसतो पेटवायचा, ते हिला समजव."

जन्मात मी भात केला नव्हता. मूठभर तांदळाला तांब्याभर पाणी ओतलं, मीठ टाकलं. पेजेसारखंच काहीतरी झालं, आणि तळाला लागलं. वरचं निवळून, फुंकून सुनेकडे दिलं. सून एकेक चमचा भरवत होती आणि पोरगी पुढच्या चमच्यासाठी तिचं मनगट ओढत होती. वाटी संपली. पोरीने रिकाम्या वाटीत बोटं घातली आणि आमच्यावर ओरडली.

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. दाराआडून मुलगा बघत होता, त्याने तोंडावर पंचा धरला. मी परत तांदूळ धुवायला घेतले.

अक्का दारातच उभी होती. थोड्या वेळाने ती आत आली, पातेल्यात वाकून बघितलं आणि म्हणाली, "या वेळी पाणी कमी घाल."

मी कमी घातलं.