मामाजींची पापणी

सरकारवर माझ्या मामसासऱ्यांइतकं प्रेम करणारा माणूस खुद्द मंत्रालयातही सापडायचा नाही. आम्ही सगळे त्यांना मामाजी म्हणतो. आयुष्यभर एका कचेरीत बाबू होते, आता निवृत्त होऊन साकोलीत राहतात. पण सरकारी कागद हातात घेण्याआधी हात धुवायची सवय काही सुटलेली नाही. मागच्या निवडणुकीत एका पुढाऱ्याचा फोन आला आणि त्याने चक्क मामाजींना नाव घेऊन नमस्कार केला, तर हे भरल्या ताटावरून उठून उभे राहिले आणि घरापुढच्या तुंबलेल्या नालीची तक्रार सांगू लागले. पलीकडचा आवाज आपलंच घोडं दामटत राहिला. तो आवाज कॉम्प्युटरने बनवलेला आहे, साहेबांना या फोनची खबरही नसेल, असं मी समजावलं तेव्हा ते गंभीर झाले. "मंग जवाईबापू, नालीच्या अर्जावर सही कोण करन?" एवढंच त्यांनी विचारलं.

तर अशा या भक्तावर दोन वर्षांपूर्वी सरकारनेच संशय घेतला. पेन्शन चालू राहायला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागतो, आणि तो आता मोबाइलला चेहरा दाखवून मिळतो. पापणी हलली की माणूस जिवंत, असा त्या अ‍ॅपचा सरळ हिशेब. नेमकं तिथेच घोडं अडलं. लहानपणी मामाजींना एका फोटोवाल्याने दम भरला होता, की पापणी हलली तर फोटो वाया जाईल. ती आज्ञा त्यांनी साठ वर्षं पाळली आहे. त्यांच्या लग्नाच्या फोटोत अर्धं वऱ्हाड डोळे मिटून उभं आहे आणि नवरदेव मात्र टक्क जागा. सेवा केंद्रातल्या ताईने तीनदा मोबाइल धरला, तीनदा त्याने मामाजींना नाकारलं.

"बाबाजी, डोळे मिचकवा न जी!"

"मिचकावूनच राहिलो न बाई!" मामाजी डोळे वटारून म्हणाले.

मुदतीचा शेवटचा दिवस होता, आणि मामींचं सगळं औषधपाणी त्या पेन्शनवर. मी ताईला आणखी एकदा बघायची विनंती केली.

मामाजी खुर्चीत मागे टेकले. त्यांचा आवाज एकदम उतरला. "दिघोरी गावचा एक म्हातारा यायचा गा माह्या कचेरीत. दाखल्यावर शिक्का नव्हता. मी त्याले म्हटलं, तू पुढ्यात उभा आहे, पण कागदावर नाही. पाचदा वापस धाडला त्याले. या मशिनीनं मले तीनदाच धाडलं." बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले आणि पापण्या फडफडल्या. ताईने प्रसंग ओळखून मोबाइल पुढे केला. "झालं जी, झालं!" ती ओरडली. मामाजी आणि मी इतके हसलो की रांगेतले लोक आत डोकावले. मला इतकं हायसं वाटलं की मी सगळ्या रांगेला चहा पाजला.

आता नोव्हेंबर लागला की मामाजी सकाळीच केंद्रावर हजर असतात. गांगरलेल्या म्हाताऱ्यांसमोर उभे राहून स्वतः पापण्या मिचकावून दाखवतात, "असं कर गा, असं." कोणी दिघोरीचा निघाला तर त्याला आधी खुर्ची देतात. मग पाचदा वापस धाडलेल्या त्या म्हाताऱ्याचं नाव घेऊन हळूच विचारतात, "आहे का गा अजून?" तो कधीच गेला हे त्यांना ठाऊक असतं, तरी विचारतात.