ऐकताय न्हवं?

गाणं लावायच्या आधी ते एक बोट वर करायचे आणि कॅमेऱ्यात बघून विचारायचे, "ऐकताय न्हवं?" मग थांबायचे. खरोखर उत्तराची वाट बघायचे! तुम्ही आमच्या भागातले असाल तर खोटं बोलू नका, रविवारी सकाळी तुमच्याही घरात कुणीतरी "व्हय, ऐकतोय की!" म्हणून ओरडलेलं आहे. माझी आई लसूण सोलता सोलता ओरडायची. मी तेव्हा साताऱ्यातल्या एका केबल चॅनेलवर आवाजाची बटणं सांभाळत असायचो.

हा निवेदक माणूस मूळचा माण तालुक्यातला, फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेला. आमच्याकडे फर्माईशीचा कार्यक्रम करायचे. लोक फोन करून गाणं मागायचे, आणि त्याआधी हौसेनं स्वतःच गाऊन दाखवायचे. गाणाऱ्याला मधे तोडायचं नाही, हा यांचा कायदा. एकदा शिराळ्याच्या एकानं उसाच्या शेतातून, ट्रॅक्टर तसाच धडधडत ठेवून, अख्खं भजन म्हटलं. काचेपलीकडून चॅनेलचे मालक बोटांनी कात्री दाखवतायत, मी कपाळाला हात लावलेला, आणि हे डोळे मिटून मांडीवर ताल धरतायत.

"अहो, काय बेसूर होता तो!" मी नंतर कुरकुरलो.

"आसंल. पर धीर केला का न्हाई त्यानं? पुरं होऊ द्यावं, गड्या."

मग त्यांचा घसा धरला. सर्दी असेल म्हणून काढे पीत राहिले. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. यांनी मालकांकडे एकच मागितलं, ऑपरेशनच्या आधीचा रविवार. "फौजेतनं सलाम ठोकून निघालो. हितनं बी तसाच जानार. लोकांचा निरोप माझ्या तोंडानं घेतो."

त्या रविवारी दुसऱ्या गाण्यानंतर आवाज बसला तो बसलाच. ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता. माझा हात जाहिरातीच्या बटणाकडे गेला, तर त्यांनी मान हलवली, नको. तेवढ्यात फोन वाजला. दहिवडीकडची एक बाई होती.

"सर, तुमी गप बसा. लय बोलला आमच्यासाठी. आज आमी बोलतो."

आणि तिनं आपलं गाणं आपणच जाहीर केलं, तेही अगदी ऐटीत. तिच्यामागून तो शिराळ्याचा ट्रॅक्टरवाला आला, मग साताऱ्यातले एक म्हातारे सुभेदार. सगळा कार्यक्रम लोकांनीच तडीस नेला. हे हात जोडून बसले होते, डोळ्यांतलं पाणी गालावर तसंच. निरोप घ्यायचा तो राहूनच गेला. मी बटणांवर डोकं ठेवून रडलो. सांगायला लाज कसली?

ऑपरेशन झालं, आवाज गेला. पण दुखणं आतून पसरतच होतं. काही महिन्यांनी तेही गेले.

दहावा झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. स्वयंपाकघरात वहिनींपुढे बसलो. म्हटलं, "वहिनी, एवढा बोलका माणूस, शेवटी मुका होऊन गेला. फार वाईट झालं."

वहिनी चहा गाळत होत्या. "खरं सांगू, भाऊजी? फौजेत हुते तवा वर्साकाठी दिसायचे. मग तुमच्या टीव्हीत गेले. साऱ्या मुलखाचं ऐकायचे, माझी पाळी कवा आलीच न्हाई."

त्या जराशा हसल्या.

"आवाज गेला आन् माझ्याम्होरं बसाय लागले. सकाळचं आवरलं की मी बोलायची. लगनापासनंचं समदं सांगाय घेतलं. म्हायेरचं, सासूबाईंचं. आमची पयली लेक गेली, तवाचं. एवढी वर्सं कुणाला बोलले नव्हते मी. माझा हात धरून ऐकायचे. एकदा बी उठून गेले न्हाईत."

त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला. पदरानं हात पुसले, पुन्हा पुसले.

"पर निम्मंच सांगून झालं हुतं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "निम्मंच."