बाराव्या गाण्याचे श्वास

शुचिता हा शब्द आपण देवघराच्या उंबरठ्यापाशीच ठेवून दिला आहे. स्नान, सोवळे, धूतवस्त्र एवढ्यावर त्याचा अर्थ संपतो, असे आपण धरून चालतो. पूर्वसूरींना त्यात आणखी काही अभिप्रेत होते. जिथे कोणाची दृष्टी पोहोचणार नाही तिथेही भेसळ न करणे, ही कारागिराची शुचिता. ग्रंथ वाचून ती येत नाही. लहानपणीच बोटांना लागते आणि मग सुटत नाही. तिच्याविषयीची एक गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. ज्याच्या ठायी ती वसते, त्याचे ती रक्षण करतेच असे नाही. कधी कधी ती त्याला अत्यंत शांतपणे, त्याच्याच संमतीने, एकेक पाऊल पुढे नेत राहते. आणि पुढे काय आहे, हे घरातल्या सर्वांना दिसत असते.

नागपूरच्या तांडापेठेत राहणारे मारोतराव धकाते हे अशा शुचितेचे गृहस्थ होते.

त्यांचे घराणे विणकरांचे. वडील खड्ड्याच्या मागावर बसत आणि आई, कांताबाई, ओसरीत चरख्यावर कांड्या भरत असे. मागावर आडवा धावणाऱ्या धोट्यात बसणारी सुताची लहानशी नळी म्हणजे कांडी; दिवसभरात अशा कितीतरी भरायच्या असत. त्या कामाबरोबर कांताबाई गाणी म्हणे. ती कोणी लिहिलेली नव्हती आणि कोणत्याही सणाशी जोडलेली नव्हती. एकंदर बारा. हातमाग बुडाले तेव्हा मारोतराव यंत्रमागाच्या एका बंदिस्त शेडमध्ये लागले आणि बावीस वर्षे कापसाचे तंतू श्वासाबरोबर आत घेत राहिले. पुढे एका पतसंस्थेत शिपाई झाले, निवृत्त झाले, भजनी मंडळात पेटी वाजवू लागले. वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांच्या लक्षात आले की, आईची ती बारा गाणी जाणणारा पृथ्वीतलावर आपल्यावाचून दुसरा कोणी उरलेला नाही.

त्यांना स्वतःला गाता येत नव्हते. एक ओळ संपण्यापूर्वीच खोकला येई. तेव्हा शहराच्या महाल भागात संगणक दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या अंकुर नावाच्या पुतण्याने एक जुना संगणक त्यांच्या घरी आणून बसवला. त्यात पेटी होती, ढोलक होता, झांज होती. आणि एक गायिका होती. ती कोणी जिवंत स्त्री नव्हे. पडद्यावरच्या चौकटींच्या जाळीत स्वर मांडायचे, प्रत्येक स्वराखाली अक्षर लिहायचे, की ती ते गाऊन दाखवी. घरात तिला ‘बाई’ हे नाव पडले. जाळी पाहताच मारोतराव म्हणाले, “हे तं किनारीचं नक्षीकाम हाय गा!” आणि खरोखर, लुगड्याच्या काठाचा आराखडा ज्या सहजतेने त्यांनी मागावर असताना आलेख-कागदावर मांडला होता, त्याच सहजतेने ते स्वर मांडू लागले. चित्रेही त्यांचीच. चरख्यापाशी बसलेली एक स्त्री त्यांनी रंगीत पेनांनी तीन प्रकारे काढली: मिटल्या ओठांची, अर्धवट उघडलेल्या ओठांची, पूर्ण उघडलेल्या ओठांची. ती तीन चित्रे एकापाठोपाठ फिरवली की ती गात आहे असे भासे.

पहिले गाणे तयार झाले तेव्हा त्यांच्या पत्नी चंद्रकलाबाई पदराला हात पुसत येऊन बसल्या. दोन कडवी त्यांनी ऐकली. मग अस्वस्थ होऊन म्हणाल्या, “हे बाई श्वास कव्हा घेते जी?”

“मशीन हाय वं ते. मशीनले श्वास कायले लागते?”

“मंग बंद करा. कोनी मानूस पान्याखाली बोलून राहिल्यासारखं वाटते मले.”

मारोतरावांनी गाणे बंद केले आणि बराच वेळ ते पडद्याकडे पाहत राहिले. कांडी भरली की कांताबाईचा चरखा थांबे, नवी कांडी चढे, आणि त्या क्षणात ती एक श्वास घेई. प्रत्येक गाण्यातल्या त्या जागा त्यांना ठाऊक होत्या. शब्द आले, चाल आली, पण त्या जागा रिकाम्या राहिल्या होत्या.

अंकुरला विचारले, तर तो हसला. “काका, श्वास यात रेडिमेड हाय न. हे बटन दाबा, पडला श्वास.”

“कोनाचा हाय गा तो?”

“कोनाचा म्हंजे? कंपनीचा!”

“माह्या मायच्या गान्यात कंपनी काहून श्वास घेईन?”

दुसऱ्या दिवशी मारोतराव ध्वनिग्राहक, म्हणजे माइक, तोंडाशी धरून बसले. गाण्यातल्या जागेइतका, ओळीला पुरेल एवढा श्वास त्यांनी आत ओढला, आणि तो नेमक्या ठिकाणी बसवला. चंद्रकलाबाईंनी गाणे पुन्हा ऐकले आणि “आता झालं” एवढेच म्हणून त्या चुलीकडे गेल्या. त्या दिवशी त्या दोघांनाही कसली भीती वाटली नाही.

गाणी एकामागून एक होत गेली आणि अंकुरने इंटरनेटवर उघडून दिलेल्या वाहिनीवर चढत गेली. ऐकणारे शे-दीडशे; बहुतेक तांडापेठेतले आणि उमरेडचे नातलग, काही अनोळखी. सर्वांना नवल वाटे ते एकाच गोष्टीचे. एकाने लिहिले, ‘मशीन वाटतच नाही, श्वास घेते राव.’ पाचव्या गाण्यात तो श्वास दीर्घ होता. सातव्यात आखूड झाला. आठव्यात त्याच्या शेवटी एक बारीक शीळ ऐकू येऊ लागली, खिळ्याला अडकलेला धागा ओढावा तशी. त्यावर कोणा महिलेने लिहिले, ‘गाणारी रडून राहिली वाटते. किती भाव आहे आवाजात.’ मारोतरावांनी ते वाचले आणि चष्मा काढून ठेवला.

दहाव्या गाण्याच्या वेळी अंकुर म्हणाला, “काका, पयल्या गान्यातले श्वास कॉपी करा न इथं. भारी होते ते. कोनाले समजते?”

“दुकानात कोनालेच समजत नाही, अंकुर. लुगडं उनात वाळू घातलं का पट्टा दिसते.”

विणकराच्या घरात ज्याचे बालपण गेले नाही, त्याला या वाक्याचे वजन कळणार नाही. एका लुगड्याचे सूत एकाच वेळी, एकाच भांड्यात रंगवावे लागते. ते कमी पडले म्हणून दुसऱ्या दिवशी रंगवलेले सूत त्यात घातले, तर रंग तोच असूनही उन्हात एक निराळा पट्टा उमटतो, आणि असे वस्त्र मारोतरावांच्या वडिलांनी कधी बाजारात नेले नव्हते. म्हणून मारोतरावांचा नियम असा होता, की एका गाण्याचे सगळे श्वास एकाच दिवशी, एकाच बैठकीत घ्यायचे. बैठक मोडली तर घेतलेले सगळे श्वास पुसून टाकायचे. दहाव्या गाण्याचे श्वास त्यांनी तीन वेळा पुसले.

मनीषनगरात राहणारी त्यांची मुलगी हर्षा एका शाळेत शिकवते. अकरावे गाणे तिने शाळेतून परतताना ऐकले आणि थेट तांडापेठेत येऊन चेष्टेने म्हणाली, “काय जी बाबा, तुमच्या बाईले दमा झाला काय?”

मारोतराव मनापासून हसले. त्या हसण्याचा खोकला झाला, आणि तो पुष्कळ वेळ थांबला नाही. खोकल्याच्या दोन उबळींमधला तो श्वास हर्षाने ऐकला. त्याच्या शेवटी तीच शीळ होती. तिचा चेहरा उतरला. तिने रिक्षा बोलावली.

डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितले की, दोन्ही फुप्फुसे मिळून तिसऱ्या हिश्शाइतकेही काम करत नाहीत. घरी प्राणवायूचे यंत्र बसले. त्याची नळी नाकाशी दिवसरात्र ठेवायची, बंद, तापलेल्या खोलीत बसायचे नाही, असे बजावले गेले. ते यंत्र चालताना सतत धापा टाकल्यासारखा आवाज करी. ध्वनिग्राहकापुढे ते चालू ठेवणे शक्यच नव्हते. हे मारोतराव, चंद्रकलाबाई आणि हर्षा या तिघांनाही पहिल्याच दिवशी उमगले.

बारावे गाणे राहिले होते. चार कडवी, प्रत्येक कडव्याला सहा श्वास. ‘भर वं सखे कांडी, सूत चाललं लांब’ असे त्याचे ध्रुपद. स्वर मांडून झाले होते, चित्रे जोडून झाली होती. मे महिना अर्ध्यावर आला होता. त्या गल्लीत शांतता म्हणावी अशी वेळ दिवसातून एकच, दुपारी एक ते चार; पारा पंचेचाळिसापाशी पोहोचतो तेव्हा रस्त्यावर चिटपाखरूही दिसत नाही. पण शेजारचे कूलर घरघरत असतात, म्हणून खिडक्या लावून घ्याव्या लागतात. आपला कूलर आणि पंखाही बंद करावा लागतो. यावेळी त्यांत आणखी एका यंत्राची भर पडली होती.

हर्षाने ध्वनिग्राहक उचलून मनीषनगरला नेला. “पाऊस पडला का घ्या न जी,” ती म्हणाली.

“पावसाचा टीनावर आवाज येते, बेटा.”

“मंग हिवाळ्यात घ्या.”

मारोतरावांनी आधी प्राणवायूच्या यंत्राकडे आणि मग तिच्याकडे पाहिले. ती खाली पाहू लागली.

त्यानंतर आठ दिवस ते नीट जेवले नाहीत. रागाने नव्हे, ताट पुढे आले की दोन घास घेत आणि पडद्याकडे बघत बसत. शेवटी चंद्रकलाबाईंनीच मुलीला फोन केला. “आणून दे वं ते. हा मानूस गानं अर्धं ठेवून जगूनही काय करन?”

हर्षाने ध्वनिग्राहक आणून दिला, पण अट घालून. दोन श्वास घ्यायचे, मग पंधरा मिनिटे यंत्र आणि कूलर चालू, पुन्हा दोन. यंत्राच्या बटणावर हात आईचा राहील. चोवीस श्वासांना बरोबर तीन तास लागत होते, आणि गल्लीत शांतताही तेवढाच वेळ होती. हिशेब इतका चपखल बसला की सर्वांना धीर आला. वस्तुतः तिथेच भय वाटायला हवे होते.

हर्षा त्या दिवशी शाळेच्या निकालाच्या कामात होती. बरोबर एक वाजता चंद्रकलाबाईंनी खिडक्या लावल्या. पहिले दोन श्वास चांगले आले. यंत्र लागले, कूलर लागला, आणि त्या अवधीत मारोतरावांनी ते श्वास जागेवर बसवले. तिसऱ्या जोडीनंतर पंधरा मिनिटे पुरली नाहीत, वीस लागली. पाचव्या जोडीनंतर तर अर्धा तास गेला. बारा श्वास, म्हणजे दोन कडवी, पुरी झाली तेव्हा साडेतीन वाजले होते. भिंती तापून गरम तव्यासारख्या झाल्या होत्या. मारोतरावांच्या कपाळावर मात्र घाम नव्हता.

“आज एवढं पुरे जी,” चंद्रकलाबाई म्हणाल्या.

“आज नाही झालं तं हे बाराही पुसा लागतीन.”

“पुसा मंग! उद्या घ्या.”

“उद्या हे बारा येतीन काय वं?”

मारोतरावांनी घड्याळाकडे पाहिले. चार वाजता समोरच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा सुरू होणार होता. “आता मधात थांबू नको,” ते म्हणाले. “उरलेले बाराही एका दमात घेतो. बंद कर ते.”

चंद्रकलाबाईंचा हात बटणावर होता. पन्नास वर्षे त्या माणसाचा शब्द त्यांनी मोडला नव्हता, आणि त्या दिवशी मोडावा असे त्यांच्या मनात आलेही होते, असे त्यांनी पुढे हर्षाला सांगितले. त्यांनी बटण दाबले. यंत्राची धाप थांबली. कूलर थांबला. मारोतरावांनी नाकाची नळी काढून मांडीवर ठेवली, ध्वनिग्राहक ओठांशी नेला, आणि तेरावा श्वास आत ओढला.

तो आत गेला, फार हळू. बाहेर आला की नाही, हे चंद्रकलाबाईंना सांगता आले नाही; त्यांनी खुर्ची कलताना पाहिली आणि त्या धावल्या. यंत्र लावले, खिडक्या उघडल्या, ओरडून गल्ली गोळा केली. रुग्णालयात नेईपर्यंत ओठ निळे पडले होते. तिसऱ्या दिवशी पहाटे मारोतराव गेले. शुद्ध अशी त्यांना परत आली नाही.

महिन्याभराने हर्षाने संगणक उघडला. अंकुर शेजारी बसला होता. बारावे गाणे त्यात अर्धे भरलेले होते आणि तेराव्या श्वासाची फाइल वेगळी पडली होती. ती तिने ऐकली. तिच्या शेवटी खुर्ची सरकल्याचा आणि “काय झालं जी” असा आवाज आहे. ती तिने गाण्यात घेतली नाही आणि पुसलीही नाही.

“ताई,” अंकुर हळूच म्हणाला, “जुन्या गान्यांतले बारा श्वास काढून इथं बसवतो मी. दहा मिन्टाचं काम हाय.”

हर्षाने आईकडे पाहिले. चंद्रकलाबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “नोको गा. जसं हाय तसं टाक.”

त्याने तसेच टाकले.

आज त्या वाहिनीवर बारा गाणी आहेत. बाराव्या गाण्यात चार कडवी आहेत. पहिल्या दोन कडव्यांत मारोतराव धकात्यांचे बारा श्वास आहेत. पुढची दोन कडवी बाई श्वास न घेता गाते.